अकरा कोरड्या पायऱ्या

गावाला समुद्राची भीती नव्हती, कारण गावाकडे पायऱ्या होत्या. हसू नका. तुमच्याही गावात असं काहीतरी असणारच, ज्याच्या भरवशावर सगळे निवांत झोपतात.

होड्या लागतात त्या दगडी धक्क्याच्या या पायऱ्या रस्त्यापासून थेट पाण्यात उतरतात. एकेक पायरी जेमतेम अर्धी वीत उंच. डोक्यावर टोपली घेऊन चढणाऱ्याचे गुडघे दुखू नयेत म्हणून कुणा शहाण्याने त्या तशा बांधल्या. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी नगरपालिकेची झाडून सगळी मंडळी तिथे जमायची. पाणी पुरतं चढलं आणि थबकलं की वरच्या किती पायऱ्या कोरड्या राहिल्या ते मोजायचं. हेडक्लार्क तो आकडा जाड वहीत लिहायचे, मग सगळे चहा प्यायचे आणि वर्षभर समुद्राचं नाव काढायचे नाहीत. पन्नास वर्षं हे असंच चाललं होतं. आकडा यायचा अकरा. क्वचित कधी दहा यायचा, पण पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी परत अकरा.

आणि याचा नुसता चहा होत नव्हता, नियमही होता. वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं की दहापेक्षा कमी पायऱ्या कोरड्या राहिल्या तर नगरपालिकेने खालच्या आळीत नवं काही बांधू नये. इतक्या वर्षांत तो नियम वापरायची वेळ कधी आली नव्हती.

नगराध्यक्षबाईंना तो नियम पाठ होता. वय बावन्न, आवाज खणखणीत, तिसऱ्यांदा निवडून आलेल्या. आणि पायऱ्या मोजायचा मान होता त्यांच्या वडिलांचा. बाबा गवंडी. गावातला निम्मा दगड त्यांच्या हातून बसलेला, धक्क्याची डागडुजी तर सगळीच त्यांची. आता ब्याऐंशीचे होते, गुडघे संपावर गेले होते, पण त्या एका दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून काठी टेकत पायऱ्या उतरायचे, प्रत्येक पायरीवर काठी आपटायचे आणि पाण्याला पाय लागला की मागे वळून ओरडायचे, ‘‘अकराऽऽ!’’ लोक टाळ्या वाजवायचे. म्हातारा वर्षभर त्या टाळ्यांवर जगायचा म्हटलं तरी चालेल.

या वर्षी मात्र त्या आकड्यावर एक दवाखाना अडकला होता.

जुना दवाखाना खालच्या आळीत, भिंतींना ओल आलेली, छताचे पोपडे सुटलेले. तो पाडून नवा बांधायचा हे सगळ्यांना मान्य होतं. कुठे बांधायचा, इथे घोडं पेंड खात होतं. अध्यक्षबाईंचं म्हणणं, वर पाण्याच्या टाकीपाशी मोकळी जागा आहे, तिथे बांधा. बाकीच्यांचं म्हणणं, होता तिथेच बांधा. एकदा बांधला की चाळीस-पन्नास वर्षांची निश्चिंती, आणि बाईंना झोप लागत नव्हती ती त्या चाळीस-पन्नास वर्षांपायी. मागच्या मोठ्या भरतीला गटारातून पाणी उलटं वर आलं होतं. बाळंतपणाच्या खोलीत एक पोरगी खाटेवर कळा देत होती आणि नर्स घोटाभर पाण्यात उभी होती. ती नर्स म्हणजे बाईंची सख्खी वहिनी. त्यामुळे ही हकिगत त्यांना अहवालातून वाचावी लागली नाही, जेवताना ऐकावी लागली.

आठवड्यापूर्वीच्या सभेत जिल्ह्याच्या कार्यालयातून आलेल्या इंजिनिअर मुलीने भिंतीवर एक आलेख लावला. मुलगी हुशार, बोलायला सरळ, बुटांत कायम वाळू. तिने वर चढत गेलेली एक रेघ दाखवली आणि सांगितलं, ‘‘पाणी वर येतंय, आणि आपली जमीनही थोडी थोडी खाली बसतेय. खालच्या आळीत दवाखाना नको.’’

लॉजवाले शेठ खुर्चीत पुढे सरकले. विरोधी बाकाचे ते म्होरके. माणूस वाईट नव्हे, पण लॉजच्या अठरा खोल्यांपलीकडे त्यांना जग दिसत नसे. ‘‘ही रेघ आमच्या समुद्राची आहे की दुसऱ्या कुणाच्या?’’

‘‘सगळ्या किनाऱ्याची आहे.’’

‘‘मग सगळ्या किनाऱ्याला दाखवा की. आम्हाला एकट्याला का घाबरवता?’’

सभा हसली. बर्फाच्या कारखान्याचे मालक, तेही सदस्यच, समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘हवामान बदललंय हे मी मानतो हो. पेपरात रोज वाचतो. पण ते जगात बदललंय. आपल्याकडे काय? गटार तुंबलंय, दुसरं काही नाही.’’

‘‘आणि एवढंच वाटत असेल तर भिंत बांधू,’’ शेठ म्हणाले. ‘‘भिंतीला पाटी लावता येते. दवाखाना वर पळवला तर लोक म्हणतील, यांनीच हाय खाल्ली. मग माझ्या खोल्यांत राहायला कोण येणार?’’

अध्यक्षबाईंना राग आला होता, पण नवल वाटलं नव्हतं. त्याही याच खुर्च्यांत वाढल्या होत्या. भिंतीचं उद्घाटन होतं, रस्त्याचं होतं. घरात न शिरलेल्या पाण्याचं उद्घाटन कसं करणार आणि त्यावर मतं कोण देणार? समोर बसलेल्यांत मूर्ख एकही नव्हता. प्रत्येकाने आपापला हिशोब केला होता आणि त्या हिशोबात समुद्र पुढच्या निवडणुकीनंतर येत होता.

शेवटी शेठनीच निकाल लावला. ‘‘हातच्या कांकणाला आरसा कशाला? मंगळवारी मोठी भरती आहे. पायऱ्या मोजू. दहाच्या खाली गेल्या तर टाकीपाशी दवाखाना बांधायचा ठराव मी स्वतः मांडतो. नाही गेल्या तर खालीच बांधायचा, मग बाईंनी कटकट करायची नाही. कबूल?’’

सगळे बाईंकडे बघायला लागले. नियम वहीतला, मोजणारे त्यांचे स्वतःचे वडील. नाही म्हणायला जागाच नव्हती. ‘‘कबूल,’’ त्या म्हणाल्या, आणि घरी जाताना स्वतःला चार शिव्या दिल्या.

सोमवारी दुपारी इंजिनिअर त्यांच्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं. हातात पिवळा पडलेला मोठा कागद होता.

‘‘मॅडम, हेडक्लार्कसाहेबांच्या कपाटात फळीवर अंथरलेला होता. त्यावर फायली ठेवल्या होत्या. धक्क्याचा मूळ नकाशा आहे. पायऱ्या मोजा.’’

बाईंनी चष्मा लावून बोटाने मोजल्या. चोवीस.

‘‘बरं, मग?’’

‘‘मी काल पूर्ण ओहोटीला जाऊन मोजल्या. चिखलात उतरून तीनदा मोजल्या. सत्तावीस आहेत.’’

‘‘अगं, दगड काय पिल्लं घालतात का?’’

‘‘नाही ना. वरच्या तीन पायऱ्या नंतरच्या आहेत. रस्ता उंच केला की धक्क्याचं तोंड उंच होतं, मग वर आणखी एक पायरी बसवावी लागते. असं तीन वेळा झालंय.’’

बाईंनी बेल वाजवून जाड वही मागवली. मुलगी टिपून आणलेल्या रस्त्याच्या कामांच्या तारखा वाचत गेली आणि बाई पानं उलटत गेल्या. शेहेचाळीस वर्षांपूर्वी आकडा दहा, त्याच वर्षी रस्त्याची दुरुस्ती, पुढच्या वर्षी अकरा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पुन्हा तेच. नऊ वर्षांपूर्वी पुन्हा तेच. तिन्ही वेळा अकराच्या पुढे हेडक्लार्कांच्या खात्याने सुवाच्य अक्षरात शेरा मारला होता, ‘समुद्राने माघार घेतली. सभागृहाने आनंद व्यक्त केला.’

हसू येण्यासारखीच गोष्ट होती, आणि बाईंना हसू आलंही. पण अर्ध्यातच थांबलं. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सभेत रस्ता उंच करायला त्यांनी स्वतः हात वर केला होता. आणि पायऱ्या कोणी बसवल्या असतील हे विचारायची गरजच नव्हती. धक्क्यावर काम करणारा गवंडी गावात एकच.

‘‘म्हणजे उद्या अकरा आल्या तर खऱ्या आठच,’’ इंजिनिअर म्हणाली. ‘‘मॅडम, आपण जिंकलो! उद्या सगळ्यांसमोर सांगू या.’’

‘‘उद्यापर्यंत तू तोंडातून अवाक्षर काढायचं नाहीस.’’

‘‘पण उद्याच तर सगळं ठरणार आहे.’’

‘‘म्हणून तर सांगतेय.’’

मुलगी गेली आणि बाई खुर्चीत मागे टेकून बसल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर शेठ उभे राहिले. बापाने पायऱ्या वाढवल्या आणि मुलीने खुर्ची मिळवली, असं ते म्हणणार हे त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. पन्नास वर्षं ज्या म्हाताऱ्याने मान ताठ ठेवून आकडा सांगितला, त्याला भर धक्क्यावर खोटा पाडायचं. बोलावं तर बाप जातो, न बोलावं तर दवाखाना जातो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे?

संध्याकाळी त्या माहेरी गेल्या. माहेर म्हणजे काय, दोन गल्ल्या पलीकडे. दादा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने बाहेर, घरात बाबा आणि वहिनी. बाबा टेबलावर घोंगडी अंथरून स्वतःच शर्टाला इस्त्री करत होते. या एका शर्टाला ते कुणाला हात लावू देत नसत. खुर्चीला टेकवलेल्या काठीला नवं लोखंडी टोक बसवलेलं होतं.

‘‘ये चिमणे,’’ बाबा म्हणाले. सगळ्या गावाच्या अध्यक्षबाई या घरात अजून चिमणीच होत्या. ‘‘उद्या पाणी किती वाजता थांबतंय?’’

‘‘बारा चाळीसला.’’

‘‘म्हणजे साडेअकराला निघू. मागच्या वर्षी घाईघाईत गेलो, शेठने बिस्किटं आधीच संपवली.’’ ते कॉलरवर इस्त्री फिरवत राहिले. ‘‘काय गं, चेहरा का उतरलाय? कुणी बोललं का?’’

‘‘नाही हो. कामाचा शीण.’’

सभेत पन्नास माणसांना गप्प करणारी बाई, पण त्या इस्त्रीच्या शर्टापुढे तिची डाळ शिजेना. शेवटी उठून त्या स्वयंपाकघरात गेल्या. वहिनी नुकतीच ड्यूटीवरून आली होती आणि ओल्या चपला खिडकीत वाळत घालत होती.

‘‘आज पण पाणी?’’

‘‘उद्याची रंगीत तालीम,’’ वहिनी म्हणाली. ‘‘वन्सं, मी नोकरीला लागले तेव्हा दवाखान्यात रस्त्यावरून सरळ आत जायचे. आता दोन पायऱ्या उतरून जाते. आम्ही खाली गेलो की रस्ता वर गेला, देवाला ठाऊक. पण पेशंट आत येताना हल्ली धडपडतात.’’

बाईंना राहवेना. चहा उकळेपर्यंत त्यांनी नकाशा, वही, तीन पायऱ्या, सगळं कुजबुजत सांगून टाकलं. वहिनीने मध्ये एकदाही ‘अय्या’ केलं नाही. चहा गाळून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘मग बाबांना विचारलंत?’’

‘‘काय विचारू? तुम्ही गावाला फसवलंत का म्हणून?’’

‘‘तुम्हाला भांडायचं असेल तर तसं विचारा. नाहीतर साधं विचारा, की त्यातल्या तुमच्या किती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हो. ती मुलगी आज गप्प बसेल, उद्या दुसरं कुणी मोजेल.’’ तिने कप पुढे केला. ‘‘आणि एक सांगू? तुम्ही बाबांना वाचवायला निघालात, पण बुडतोय म्हणून त्यांनी हाक मारलीय का?’’

बाईंनी चहा प्यायला आणि बाबांना काही न विचारताच घरी गेल्या. धीर झाला नाही, दुसरं काय.

मंगळवार लखलखीत उजाडला. आभाळात ढगाचा ठिपका नाही, वारा नाही. असल्या दिवशी समुद्र चढतोय असं कुणाला सांगायला जावं तर तोच वेड्यात काढेल. बारा वाजेपर्यंत धक्का भरला. सदस्य, दुकानदार, जाळी विणणाऱ्या बाया, शाळेतून सुटलेली दोन वर्गांची मुलं. चहाची किटली बाकावर तयार होती आणि बिस्किटांचा डबा शेठपासून लांब ठेवला होता. हेडक्लार्क वही उघडून, टोपण काढून उभे होते. त्यांनी अकरा आधीच लिहून ठेवला नव्हता हीच मोठी गोष्ट.

बारा चाळीसला पाणी थबकलं. बाबा उतरायला लागले. काठी, पाय, दुसरा पाय. ‘‘एक. दोन. तीन.’’ प्रत्येक ठोक्याला बाई मनातल्या मनात तीन वजा करत होत्या. ‘‘नऊ. दहा.’’ बाबांनी काठी पुढे टाकली, ती अकराव्या पायरीवर खटकन वाजली, आणि तिच्या पुढे पाणी. ते वळले. ‘‘अकराऽऽ!’’

टाळ्या पडल्या. शेठनी तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन वाजवल्या. ‘‘झालं! लिहा हेडक्लार्क. दवाखाना खालच्या आळीत. बाई, आता कटकट नाही हं, शब्द दिलाय तुम्ही.’’

इंजिनिअर बाईंकडे बघत होती. दवाखान्याच्या दारात उभी असलेली वहिनीही बघत होती, पांढऱ्या कपड्यांत, हातात केरसुणी. ती केरसुणी कचरा काढायची नव्हती. दवाखान्यातलं पाणी बाहेर लोटायची होती, हे बाईंना इतक्या लांबूनही समजलं.

मग बाई पायऱ्या उतरायला लागल्या. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला हात द्यायला चालल्यात. त्या बाबांच्या एक पायरी वर थांबल्या आणि विचारलं. मोठ्याने विचारलं, कारण हळू विचारलं असतं तर पुन्हा धीर झाला नसता.

‘‘बाबा, या अकरांतल्या तुमच्या किती?’’

बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाईंना वाटलं, संपलं. आता हा माणूस माझं तोंड बघणार नाही.

आणि बाबांचा चेहरा उजळला! अहो, असा उजळला की अकरावर कधी उजळला नव्हता. ‘‘आत्ता विचारलंस?’’ ते म्हणाले. ‘‘शेहेचाळीस वर्षं मी वाट बघतोय कुणी विचारेल म्हणून. तीन! वरच्या तीन माझ्या. चल, दाखवतो.’’

गुडघ्यांचं सगळं दुखणं विसरून ते तरातरा वर आले. सगळ्यात वरच्या पायरीच्या कोपऱ्यात वाकून त्यांनी काठीच्या टोकाने माती खरवडली. दगडाच्या सांध्यातल्या सिमेंटमध्ये एक खळगा होता, अंगठ्याएवढा. मग दुसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात, मग तिसरीच्या. ‘‘मला सही येत नव्हती. पगाराच्या कागदावर अंगठा, म्हणून कामावर पण अंगठा. सिमेंट ओलं असताना दाबायचा. दगड मुद्दाम त्याच खाणीतला आणला, उंची केसभर चुकू दिली नाही. सांगा बघू, कुणाला ओळखू आल्या?’’

मुलांनी लगेच गर्दी करून खळग्यांत अंगठे घालायला सुरुवात केली. शेठचा चेहरा मात्र फिरला. त्यांना हिशोब पटकन जमायचा. अकरातून तीन गेले की नियमाच्या खाली.

‘‘थांबा, थांबा,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणजे इतकी वर्षं म्हाताऱ्याने सगळ्या गावाला फसवलं? आणि दरवर्षी टाळ्या घेतल्या?’’

बाईंचं रक्त उसळलं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आधीच बाबा म्हणाले, ‘‘फसवलं? मला सांगितलं होतं, कोरड्या किती ते मोज. मी कोरड्या मोजल्या. नव्या किती ते कुणी विचारलंच नाही. आणि शेठ, रस्ता मी नाही उंच केला. पहिल्या वेळी अर्ज कुणाचा होता माहीत आहे का? तुझ्या वडलांचा. लॉजच्या दारात भरतीचं पाणी यायचं, म्हणून रोज नगरपालिकेत येऊन बसायचे बिचारे.’’

हेडक्लार्कांनी वहीतून मान वर न काढता म्हटलं, ‘‘बरोबर आहे. अर्ज फायलीत आहे. दुसऱ्या वेळचाही त्यांचाच. तिसऱ्या वेळचा...’’ त्यांनी जरा घसा साफ केला, ‘‘शेठ, आपला स्वतःचा आहे.’’

असा हशा पिकला की पाण्यावरचे पक्षी उडाले. बर्फवाले तर बाकावर बसून डोळे पुसायला लागले. शेठ आधी लाल झाले, मग काय करावं ते न सुचून स्वतःही हसायला लागले. ‘‘अहो, दारात पाणी आलं तर माणूस अर्ज करणारच ना! मला काय माहीत, तो समुद्र होता? मी आपला रस्ता खराब आहे म्हणून लिहिलं.’’

‘‘आम्हीही तेवढंच वाचलं,’’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘‘तिसऱ्या वेळी हात वर करणाऱ्यांत मी होते. समुद्र तीनदा आपल्या दारात आला आणि तिन्ही वेळा आपण त्याला रस्ता म्हटलं. चूक एकट्या कुणाची नाही. पण खालची आळी तिथेच राहिली. आपण वर चढलो आणि दवाखाना खड्ड्यात गेला.’’ त्यांनी हात करून दाखवला, तशा सगळ्या माना तिकडे वळल्या. वहिनी केरसुणीने पाणी बाहेर लोटत होती. रस्त्याला चढ असल्यामुळे ते परत तिच्या पायाशी येत होतं.

हेडक्लार्कांनी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं.

‘‘बाबा,’’ बाईंनी जरा हळू आवाजात विचारलं, ‘‘पाणी वर येतंय हे तुम्हाला समजत होतं?’’

‘‘न समजायला काय झालं? पहिल्यांदा दगड बसवला तेव्हा ज्या पायरीवर बसून डबा खायचो, ती मागच्या वीस वर्षांत भरतीला बघितली नाही.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

बाबांना हा प्रश्न खरोखरच विचित्र वाटला. ‘‘तुम्ही सगळे शिकलेले. वही तुमची, नियम तुमचा. मला अंगठेबहाद्दराला जे दिसतंय ते तुम्हाला दिसत असणारच, असं मी धरून चाललो. तीनदा रस्ता वर घेतलात, मला वाटलं, समजून उमजून घेताय.’’

इंजिनिअर मुलीने आपला आलेख पिशवीतून काढलाच नाही. तिने फक्त पायरीच्या कडेला पट्टी लावली, तीन पायऱ्या मोजल्या आणि म्हणाली, ‘‘दीड वीत. माझी रेघही एवढंच सांगत होती.’’ बर्फवाले उठून त्या पायऱ्यांकडे वाकून बघायला लागले आणि खळग्यात आपलाही अंगठा घालून बघितला. रेघ दुसऱ्या कुणाच्या समुद्राची असेल, पण अंगठा त्यांच्याच गावच्या गवंड्याचा होता.

‘‘मग आकडा काय लिहू?’’ हेडक्लार्कांनी विचारलं.

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी शर्ट खाली ओढून नीट केला, काठी सरळ धरली आणि आपल्या तीन पायऱ्या सोडून, चौथीपासून पुन्हा मोजत पाण्यापर्यंत गेले. सावकाश, एकही ठोका न चुकवता. ‘‘आठऽऽ!’’

टाळ्या पडल्या नाहीत. आठ ही काही टाळ्या वाजवण्यासारखी बातमी नव्हती. पण वर येताना पन्नास माणसं बाजूला होऊन त्यांना वाट देत होती आणि बर्फवाल्यांनी त्यांचा हात धरला होता. दुपारच्या सभेत शेठनी दिलेला शब्द पाळला आणि टाकीपाशी दवाखाना बांधायचा ठराव मांडला. मांडताना असे काही बोलले की जणू समुद्राचा शोध त्यांनीच लावला होता. बाईंनी बोलू दिलं. श्रेय घेतलं की माणूस त्या कामाच्या आड येत नाही, एवढं राजकारण त्यांना येत होतं. लॉजची खालची अडगळ वरच्या मजल्यावर न्यायला शेठनी त्याच आठवड्यात माणसं लावली, हेही त्यांना वहिनीकडून समजलं.

वर्षभरात दवाखाना उभा राहिला. खालच्या जुन्या जागेवर कुणी काही बांधलं नाही. भरतीचं पाणी येतं, थोडा वेळ बसतं आणि निघून जातं. मुलं तिथे कागदाच्या होड्या सोडतात. वर नव्या दवाखान्याच्या दाराशी पायऱ्या बांधायला बाबांना मानाने बोलावलं, तर तिथे पायऱ्याच नव्हत्या. खाट ढकलत न्यायची म्हणून इंजिनिअरने उतार काढला होता. बाबा भयंकर चिडले. ‘‘गवंड्याला बोलावता आणि घसरगुंडी दाखवता?’’ पण सिमेंट ओलं होतं, तेव्हा कोपऱ्यात अंगठा दाबूनच गेले. वहिनीच्या चपला त्या वर्षी कोरड्या राहिल्या. खिडकीत तिने एक कुंडी ठेवली.

पुढची मोठी भरती आली तेव्हा बाबांना काठी धरूनही उतरवेना. त्यांना वरच्या पायरीवर खुर्ची दिली आणि त्यांनी काठी लेकीच्या हातात ठेवली. शर्ट इस्त्रीचाच होता.

‘‘चिमणे, आता तू मोज.’’

‘‘मी?’’

‘‘मग कोण? मोठ्याने मोज. आणि पाणी वर आलं असलं तरी आकडा तोंडात ठेवून बसू नकोस, जो असेल तो ओरड.’’ बाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तसं बाबांनी मागून हात धरला. ‘‘इथून नव्हे. माझ्या तीन सोडून.’’

बाई तीन पायऱ्या न मोजता उतरल्या आणि चौथीवर काठी आपटून म्हणाल्या, ‘‘एक.’’